रिपीटर बॅचचा ड्रमर

प्रिय मावशी,

मी १८ वर्षांची आहे. गाव अहमदपूर तालुक्यात, सध्या लातूरला ट्यूशन एरियात हॉस्टेलवर राहून मेडिकलची ‘नीट’ परीक्षा रिपीट करतेय. मागच्या दिवाळीत मामेभावानं मोबाईलमध्ये एक कॉन्सर्ट टाकून दिली. ‘लेड झेपेलिन’ नावाच्या इंग्लंडच्या बँडची. तो म्हणाला, बँड फुटल्यावर सत्तावीस वर्षांनी ही माणसं एकत्र आली आणि लंडनमध्ये एकच रात्र वाजवलं, १० डिसेंबर २००७ ला. माझा जन्म त्यानंतर चार महिन्यांनी झाला. तेव्हापासून मला दुसरं काही ऐकवतच नाही.

शब्द निम्मे कळत नाहीत. पण पहिल्या गाण्यात ड्रमवाल्याचा पाय सुरू झाला की अंगावर काटा येतो. ‘काश्मीर’ लागलं की मी मेसच्या ताटावर बोटं वाजवत बसते. आता हा चुकणार, आता चुकणार असं वाटतं आणि तो बरोब्बर जागेवर येऊन पडतो. रात्री ऐकताना कधी कधी रडू येतं. रूममेट म्हणतात, म्हाताऱ्या गोऱ्यांसाठी रडणारी तू पहिलीच.

माझे आप्पा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. दादाला शिकवायला बसवलं होतं, तो पळून गेला. मला कुणी विचारलं नाही. संक्रांतीला घरी गेले तेव्हा आप्पांनी हे ऐकलं आणि म्हणाले, “भांडी आपटल्यासारखं काय ऐकतीस? ह्याच्यासाठी फी भरली काय?” तेव्हापासून मी त्यांच्यासमोर इअरफोन काढतसुद्धा नाही.

भाऊ म्हणतो, ते परत एकत्र येणार आहेत. माझ्याकडं खाऊचे, ओवाळणीचे मिळून ११ हजार जमलेत. पासपोर्ट काढून पैसे साठवत जाऊ का? आप्पांना कसं समजावू? आणि आपण नसतानाच्या कार्यक्रमासाठी रडणं हे वेडाचं लक्षण आहे का?

— लातूरची रिपीटर

*

पोरी,

वेडाचं आधी उरकून घेऊ. गावच्या सप्ताहात समाधीच्या प्रसंगाचं कीर्तन असतं तेव्हा बायाच काय, फेटेवाले बाप्येसुद्धा डोळे पुसतात. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. त्या रडणाऱ्यांना कुणी वेडं म्हणत नाही. तुझं तर जेमतेम चार महिन्यांनी हुकलंय. रूममेटला हे सांग आणि विषय संपव.

आता भावाची बातमी. ते परत एकत्र येणार नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी ही आवई उठते आणि विरते. गिटारवाला जिमी पेज ऐंशी ओलांडून गेलाय, बेस गिटारवाला जॉन पॉल जोन्स त्याच्या बरोबरीचाच म्हणायचा, गायक रॉबर्ट प्लांट थोडा धाकटा. पण वय हे खरं कारण नाही. २००७ च्या त्या रात्रीनंतर प्लांट सोडून बाकीचे तिघं, तुझा ड्रमवाला धरून, तयार होते. प्लांट नको म्हणतोय म्हटल्यावर २००८ मध्ये त्यांनी दुसरे गायकसुद्धा तपासून पाहिले. काही जमलं नाही. प्लांटनं तेव्हा काय केलं? अॅलिसन क्राउस नावाच्या गायिकेबरोबर त्याचा एक साधा, हळू आवाजातला अल्बम नुकताच आला होता, ‘रेझिंग सँड’ नावाचा. तो तिच्याबरोबर गावोगाव गात फिरला. त्या अल्बमला २००९ मध्ये वर्षाच्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. समोर पैशाच्या राशी पडलेल्या असताना माणूस म्हणाला, मला तेच ते गायचं नाही. चाहते त्याला अजून शिव्या घालतात. मला विचारशील तर त्या चौघांमध्ये मला जास्त आदर वाटतो तो ह्या नकाराचा.

आणि भावानं तुला अर्धीच गोष्ट सांगितलीय. सत्तावीस वर्षं ते एकत्र आलेच नाहीत असं नाही. मूळ ड्रमर जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० ला वारला, वय ३२. दारूनं गेला. चाहते ते मोठं रंगवून सांगतात, त्यात रंगवण्यासारखं काही नाही. डिसेंबरमध्ये बाकीच्यांनी बँड मोडला. मग जुलै १९८५ मध्ये ‘लाइव्ह एड’च्या मदत-कार्यक्रमात फिलाडेल्फियाच्या स्टेडियमवर हे तिघं उभे राहिले, ड्रमवर दोन परके गडी घेऊन. त्यातला फिल कॉलिन्स तर त्याच दिवशी लंडनमध्ये वाजवून काँकॉर्ड विमानानं तिथं पोचला होता. तालीम म्हणावी अशी झालेलीच नव्हती. पेजची गिटार बेसूर, प्लांटचा घसा बसलेला. पुढं त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा आपला भाग त्यात घालायला ह्यांनी चक्क नकार दिला. १९८८ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या चाळिशीला पुन्हा एकदा वाजवलं, तेही पडलं. आणि त्या वेळी ड्रमवर कोण होतं माहितीय? जेसन बॉनम. जॉनचा पोरगा, वय २१. तुझा तोच ड्रमवाला.

म्हणजे तू ज्यांच्यासाठी रडतेस ती रिपीटर बॅच आहे, बाई. दोनदा आपटलेली. तिसऱ्या वेळी मात्र ह्यांनी अभ्यास केला. आधी बरेच आठवडे तालमी केल्या. प्लांटचा गळा साठीला टेकलेला, म्हणून काही गाण्यांची पट्टी खाली उतरवली. त्यात कसली लाज बाळगली नाही. १९७६ च्या अल्बममधलं एक गाणं, ‘फॉर युअर लाइफ’, ह्यांनी आयुष्यात कधी स्टेजवर वाजवलं नव्हतं, ते मुद्दाम घेतलं. पेजचं बोट मोडलं तर कार्यक्रम २६ नोव्हेंबरचा दोन आठवडे पुढं ढकलला, पण कसाबसा उरकला नाही. तुला जे ‘बरोब्बर जागेवर येऊन पडतं’ असं वाटतं, ते असं पडलेलं आहे. चमत्कार असता तर ८५ लाच झाला असता.

जन्म उशिरा झाला म्हणून हुकलं, हेही डोक्यातून काढ. त्या एका रात्रीच्या तिकिटांसाठी दोन कोटी अर्ज आले होते. गिनीज बुकात नोंद आहे. तिकिटं सोडत काढून दिली, माणशी दोन, आणि लंडनच्या ज्या ओटू अरीनात हे झालं तिथं माणसं मावतात अठरा-वीस हजार. एका चाहत्यानं धर्मादाय लिलावात दोन तिकिटांसाठी ८३ हजार पौंड मोजले. जे तेव्हा चाळीस वर्षांचे होते, लंडनमध्येच राहत होते, त्यांनाही आत पाय ठेवता आला नाही. ही कॉन्सर्ट ज्यांना जिवापाड आवडते त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी ती तुझ्यासारखीच ऐकलीय, नोव्हेंबर २०१२ मध्ये रेकॉर्डिंग बाजारात आल्यावर. तुझ्या वाट्याला उष्टं आलंय असं समजू नको.

फक्त एक. तू ऐकतेस कशावर? मोबाईल आणि शे-दीडशेचे इअरफोन असतील तर ज्या पायासाठी तुझ्या अंगावर काटा येतो तो पाय तू अजून नीट ऐकलेलाच नाहीस. बास ड्रमचा खालचा आवाज त्या बारक्या स्पीकरमधून नीट येत नाही, येते ती बहुतेक टकटक. सुट्टीत गावी गेलीस की कुणाकडं बरा स्पीकर असेल तर दिवसाढवळ्या, दारं उघडी ठेवून एकदा लावून बघ. मराठवाड्यात दुष्काळ पाण्याचा असेल, स्पीकरांचा नाही. वरातीच्या डीजेवाल्याच्या गोदामात गेलीस तर तो हसेल, पण लावून देईल. आणि रात्री कानात खुपसून मोठ्यानं ऐकणं बंद कर. ह्या गाण्यांसाठी कान शाबूत लागतात.

आता मला तुझ्या पत्राबद्दल बोलायचंय. ते मी दोनदा वाचलं. जगभरातली पोरं ह्या बँडच्या नावानं वेडी होतात ती पेजच्या गिटारसाठी, प्लांटच्या आवाजासाठी. त्या रात्री पेजनं व्हायोलिनच्या गजानं गिटार वाजवली, लोक अजून त्याबद्दल बोलतात. तुझ्या पत्रात गिटारचा एक शब्द नाही. गाणाऱ्याचं नाव नाही. पाय, ताट, बोटं, ‘जागेवर येऊन पडतो’. तुला रीयुनियनचं वेड लागलेलं नाही. तुला वाजवायचंय.

तू जे पहिलं गाणं म्हणतेस ते ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. १९६९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं. त्यात थोरला बॉनम उजव्या पायानं, एकाच पेडलवर, असे भरभर ठोके टाकतो की पुष्कळांना वाटायचं ह्याच्याकडं दोन बास ड्रम आहेत. बाप गेला तेव्हा जेसन १४ वर्षांचा. लहानपणी एका इटुकल्या ड्रमवर बसून वाजवताना तो बँडच्या १९७६ च्या सिनेमात दिसतो, शोधून बघ. २००७ मध्ये तो ४१ वर्षांचा, बापाच्या जागेवर बसलेला, ८८ चं अपयश पाठीशी. आणि सुरुवातीला गाणं कुठलं? बापाच्या पायाची सगळ्यात अवघड परीक्षा. गरम व्हायला एखादं सोपं गाणं घेता आलं असतं. नाही घेतलं. तुला काटा येतो तो फुकट येत नाही.

‘काश्मीर’चं तुला ‘आता चुकणार’ वाटतं त्यालाही कारण आहे. ते गाणं १९७५ चं. नाव काश्मीरचं, पण प्लांटला शब्द सुचले मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. काश्मीर त्यानं तेव्हा पाहिलंही नव्हतं. पण तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्यात गिटार आणि वाद्यवृंद तीन-तीनच्या घरात चालतात आणि ड्रम चारच्या. दोघं सुटतात एकत्र, लगेच एकमेकांपासून निसटतात, आणि बारा मात्रांनी पुन्हा एका जागी येतात, ती सम. तीन चोक बारा, चार त्रिक बारा. तुझी बोटं ताटावर हेच धरायला बघतायत.

आणि तुझ्या घरात एक माणूस असा आहे, ज्याला हे सांगावं लागणार नाही.

आप्पांना ‘समजावू कसं’ म्हणतेस. समजावूच नकोस. पोरगी समजवायला बसली की बाप ऐकत नाही, तो फीचा हिशेब करायला लागतो. आणि त्या वाक्यात त्यांचं काय चुकलं? सोयाबीनचे भाव तुला माहितीत. लातूरला वर्षभर एक पोरगी ठेवायची म्हणजे क्लास, हॉस्टेल, मेस, टेस्ट सिरीज. तेही दुसऱ्यांदा. त्यांना त्या बँडचा राग नाही, त्यांना मे महिन्यातल्या परीक्षेची भीती आहे. ‘भांडी आपटल्यासारखं’ हे त्यांनी बाहेरून, तुझ्या कानातून निसटलेला आवाज ऐकून म्हटलंय. तसा ऐकला तर कुणालाही तसाच वाटेल.

तेव्हा असं कर. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा संध्याकाळी भजनाच्या आधी आप्पा पखवाज काढतील. तू हे हजारदा बघितलं असशील. डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापायची, अंगठ्यानं कडेकडेनं दाबत न्यायची, एक थाप मारून कान द्यायचा, जास्त झाली तर चिमूटभर काढायची. मग गठ्ठ्यावर हातोडीचा टोला, पुन्हा थाप, पुन्हा कान. त्या वेळी माणूस फीच्या हिशेबात नसतो. तेव्हा ‘काश्मीर’ लाव. तेवढंच. बँडची कथा नको, दोन कोटी अर्ज नकोत, ग्रॅमी तर नकोच. आणि एकच प्रश्न विचार, “आप्पा, ह्याची सम कुठं येतेय, सापडंना मला.”

मग गप्प बस. मुकाट्यानं मांडीवर बोटं मोजली जातील. पखवाज वाजवणाऱ्या माणसाला मोजल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या वेळेला तीनवर फसतील, कपाळाला आठ्या घालतील, ‘पुन्हा लाव’ म्हणतील. बारा मात्रांचा चौताल त्यांना ठाऊक असेल तर कदाचित तुझ्याआधी सापडवतील. गाणं आवडलं असं म्हणणार नाहीत. न म्हणू दे. तुला त्यांचा अभिप्राय नकोय, तुला सम हवीय.

दुसरं काही ऐकवायचंच असेल तर ह्याच बँडचं मुंबईतलं ऐकव. पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. ती चाळीस वर्षं डब्यात पडून होती, २०१५ मध्ये ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत बाहेर आली. त्यात तबला आहे, आप्पांना लगेच ओळखू येईल. ‘फोर स्टिक्स’ हे नाव का, तर मूळ गाण्यात जॉन बॉनमनं प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवलं होतं. ‘होल लोटा लव्ह’ मात्र आप्पांसमोर चुकूनही लावू नकोस. का ते मधला भाग ऐकलास की कळेल.

आणि कृपा करून त्यांना ‘तुमचं आणि ह्यांचं एकच’ असं सांगायला जाऊ नको. हल्ली ही एक फॅशन झालीय. एकच नाहीये. भजनातला पखवाज अभंगाच्या मागून चालतो, शब्द झाकू देत नाही. झेपेलिनचा ड्रम सगळ्यांच्या पुढं चालतो आणि शब्द झाकले गेले तर जाऊ देतो. आप्पांनी जन्मभर जे सांभाळलं त्याला तू एका वाक्यात रॉक करून टाकलंस तर ते दुखावतील आणि बरोबरच दुखावतील.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. ‘मला कुणी विचारलं नाही.’ दादाला बसवलं, तो पळाला, आणि पखवाज खुंटीला गेला. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर तुला ठाऊक असतील. वारकरी घरातला पखवाज त्यांनी थेट मोठ्या मैफलींपर्यंत नेला, पद्मश्री मिळवली, आणि पुढं मुलानं, उद्धवबापूंनी, तोच वारसा चालवला. आपल्याकडं अशी घरं आहेत, पण वारसा म्हटलं की पोरगाच धरला जातो. पोरीच्या हातात टाळ चालतो, तुळस चालते, पखवाजाला हात लावला की म्हातारे माना वळवतात. आता पखवाज वाजवणाऱ्या बायका मैफली करतायत. तुला कुणी विचारलं नाही हे खरं. पण तूही विचारलं नाहीस. आप्पांच्या मनात ‘हिला शिकवायचं नाही’ असं असेलच असं नाही. बऱ्याच बापांच्या ते ध्यानातच येत नाही. सम सापडली की त्याच बैठकीत विचार, “मला शिकवता का?” आईमार्फत नको, दादामार्फत नको. स्वतः.

‘परीक्षा झाल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर ते हो समज आणि मे महिन्यापर्यंत पुन्हा तोंड उघडू नको.

पैशांचं सांगते. पासपोर्ट दीड हजारात निघतो. कधीतरी लागेल म्हणून काढायचा तर काढ, ह्या बँडसाठी नको. उरलेल्यातून वाद्यांच्या दुकानातून एक प्रॅक्टिस पॅड आणि काठ्यांची जोडी घे, साधी घेतलीस तर हजार-दीड हजारात भागेल. रबराचा असतो, आवाज जवळजवळ होत नाही, त्यामुळं रूममेटही वाचतील. त्या बिचाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. शेजारी कुणी मेसचं ताट बडवत असताना बायोलॉजी पाठ करायची म्हणजे शिक्षाच. ताट आजपासून बंद. पॅडवर रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं, डावा-उजवा, एकसारख्या वजनानं, मोबाईलमधला मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या लयीत टिकटिक करणारं घड्याळ, लावून. कंटाळवाणं आहे. करून बघ. आठवड्यात कंटाळून सोडलंस तर तुला फक्त ऐकायला आवडतं, एवढंच ठरेल, आणि त्यातही काही वाईट नाही. अख्खा ड्रम सेट घ्यायचं खूळ मात्र एवढ्यात डोक्यात घेऊ नको. हॉस्टेलवर ठेवायला जागा नाही आणि आप्पांसमोर न्यायला तोंड उरणार नाही.

बाकीचे पैसे बँकेत राहू देत.

आणि सप्ताह चालू असताना शिकवायचं विचारू नको. सात दिवस वाजवून त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या असतात आणि झोप झालेली नसते, तेव्हा विचारलंस तर नाहीच म्हणतील. काल्याचं कीर्तन होऊन दोन दिवस जाऊ दे, मग बस त्यांच्याजवळ.

— तुझी मावशी